विश्लेषण : परदेशात भाड्याची दुचाकी किती महाग पडते? अपघातानंतरचा राग अधिक धोक्याचा का?

थायलंडमधील फुकेत असो, इंडोनेशियातील बाली असो वा व्हिएतनाममधील दा नांग, हॉटेलात सामान टाकून बाहेर पडलेल्या पर्यटकाला पहिल्या तासाभरात ‘स्कूटर हवी का?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो. भाडे टॅक्सीच्या एका फेरीपेक्षा कमी, कागदपत्रांची विचारपूस जवळपास नाही आणि पुण्या-नाशिकमध्ये रोज दुचाकी चालवणाऱ्याला त्यात अवघड काही वाटत नाही. इथूनच अडचणींना सुरुवात होते. घरच्या रस्त्यावर अपघात किंवा बाचाबाची झाली, तर भाषा, ओळखीपाळखी, गाडीचा विमा आणि माहितीतले पोलीस ठाणे असे अनेक आधार असतात. परदेशात यातला एकही आधार नसतो. त्यामुळे साधे खरचटणे रुग्णालयाच्या मोठ्या बिलापर्यंत आणि शिवीगाळ थेट कोठडीपर्यंत पोहोचू शकते.

विषय चर्चेत का?

मार्च २०२४ मध्ये फुकेतच्या चलोंग भागात वेगाने दुचाकी चालवणाऱ्या न्यूझीलंडच्या दोन भावांना वाहतूक पोलिसाने थांबवले. त्यातील एकाने मोबाइलवर चित्रीकरण सुरू केले, शब्दाने शब्द वाढला आणि प्रकरण झटापटीवर गेले. पोलिसाच्या पिस्तुलावरून ओढाताण झाली आणि एक गोळी सुटली. सुदैवाने ती कोणाला लागली नाही. वेगासाठी झालेला दंड भरून दहा मिनिटांत मोकळे होता आले असते, तिथे दोघांना अटक झाली आणि गंभीर गुन्हे दाखल झाले. या घटनेची चित्रफीत जगभर पसरली आणि फुकेतमध्ये बेशिस्त पर्यटकांविरोधातील रोषात भर पडली.

त्याआधी वर्षभर, मार्च २०२३ मध्ये, बालीचे गव्हर्नर वायान कोस्तर यांनी परदेशी पर्यटकांना दुचाकी भाड्याने देण्यावर बंदी घालण्याचा मनोदय जाहीर केला होता. हेल्मेट नाही, परवाना नाही, काही वेळा अंगात शर्टही नाही आणि गाडीला बनावट नंबरप्लेट, अशा तक्रारी स्थानिक लोक करत होते. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच्या थोड्या दिवसांत तिथल्या पोलिसांनी १७१ परदेशी नागरिकांची वाहतूक नियमभंगाची प्रकरणे नोंदवली. पर्यटन व्यवसायातून विरोध झाल्याने सरसकट बंदी अमलात आली नाही. मात्र त्याच वर्षी पर्यटकांसाठी काढलेल्या परिपत्रकात वैध परवाना, हेल्मेट आणि वाहतूक नियमांचे पालन यांचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला.

भारतीयांचा संबंध किती?

बराच. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला आणि २०२४ मध्ये २१ लाखांहून अधिक भारतीय तिथे गेले. व्हिएतनामला त्याच वर्षी सुमारे पाच लाख भारतीयांनी भेट दिली. बालीत येणाऱ्या परदेशी पर्यटकांत ऑस्ट्रेलियाखालोखाल भारतीयांचा क्रमांक लागतो. मुंबईहून थेट विमाने आहेत, खर्च आवाक्यात आहे आणि समाजमाध्यमांवर ‘स्कूटरवरून बाली’ या धर्तीच्या चित्रफितींचा पाऊस आहे. युरोप-अमेरिकेतून येणाऱ्या पर्यटकाला दुचाकीची सवय नसते. भारतीय पर्यटकाला ती असते, पण त्या सवयीमुळेच त्याची सावधगिरी कमी होते. ‘सिंहगडाचा घाट चढवतो, तर हे काय’ हा आत्मविश्वास हाताच्या कौशल्यापुरता खरा असतो. परवाना, विमा आणि तिथल्या रस्त्यांचे अलिखित संकेत हे वेगळे विषय आहेत.

दुचाकी तिथे एवढी जीवघेणी का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात रस्ते अपघातांत दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरतात. त्यातील २१ टक्के दुचाकी-तीनचाकीवरची असतात. आग्नेय आशियात हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. संघटनेच्या २०१८ च्या अहवालात थायलंडमधील मृत्युदर दर लाख लोकसंख्येमागे ३२.७, व्हिएतनामचा २६.४ आणि भारताचा २२.६ होता. थायलंडमधील मृतांपैकी सुमारे ७४ टक्के दुचाकी-तीनचाकीवरचे होते. त्यानंतर थायलंडचा दर घटला असला तरी तो चढाच आहे. नववर्ष आणि एप्रिलमधील सोंगक्रान सणाच्या आठवड्यांना तिथे ‘सात धोकादायक दिवस’ म्हणतात आणि अपघातांचा आकडा रोज जाहीर केला जातो. भारतातही २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ मृत्यू झाले आणि त्यातील ४४.५ टक्के दुचाकीस्वार होते. म्हणजे आपण धोक्याला नवखे नाही, फक्त तिथल्या धोक्याची जात वेगळी आहे.

थायलंडच्या मोठ्या रस्त्यांवर दुभाजकातील यू-टर्नच्या जागा दूर दूर असतात. त्यामुळे स्थानिक लोक कडेच्या पट्टीतून उलट्या दिशेने येतात आणि यू-टर्नच्या फटीतून अचानक गाडी समोर येते. चियांग माई ते पाय या डोंगराळ मार्गावर ७६२ वळणे मोजली जातात. तिथल्या दुकानांत हा आकडा छापलेले टी-शर्ट मिळतात आणि गुडघ्या-कोपरांना पट्ट्या बांधलेले पर्यटकही गावात दिसतात. गरम सायलेन्सरला पोटरी चिकटून होणाऱ्या भाजण्याला थायलंडमध्ये गमतीने ‘थाय टॅटू’ आणि बालीत ‘बाली किस’ असे नाव पडले आहे, इतके ते नेहमीचे आहे. व्हिएतनाममध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. सरळ रस्त्यावर हे लक्षात राहते. पण चौकात वळताना किंवा समोरून अचानक काही आले की भारतीय चालकाचा हात सवयीने डावीकडे वळतो. तिथे डावी बाजू म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांची बाजू.

आयडीपी म्हणजे काय? तो कुठे चालतो?

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजेच आयडीपी, हा स्वतंत्र परवाना नसून मूळ भारतीय परवान्याचे मान्यताप्राप्त भाषांतर आहे. मूळ परवाना सोबत नसेल तर त्याला किंमत नाही. आरटीओकडे नमुना ४-ए भरून तो मिळतो. त्याचे शुल्क एक हजार रुपये असून मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी त्याचा एकच नमुना ठरवून दिला.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला वाहनाच्या वर्गाचा. करारानुसार ‘ए’ वर्ग मोटारसायकलींचा आणि ‘बी’ वर्ग मोटारींचा आहे. भारतीय परवान्यात फक्त मोटारीची नोंद असेल तर आयडीपीवर ‘ए’चा शिक्का येत नाही. असा परवाना खिशात ठेवून स्कूटर चालवणारा माणूस कायद्याच्या नजरेत विनापरवाना चालक ठरतो. मोटार शिकताना परवाना काढला आणि दुचाकी तशीच चालवत राहिले, असे अनेक घरांत घडलेले असते. परदेशात त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरा खाचखळगा कराराच्या वर्षाचा. वाहतुकीसंबंधी १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार असे दोन आंतरराष्ट्रीय करार आहेत. भारताचा आयडीपी १९४९ च्या करारानुसार दिला जातो. थायलंड दोन्ही करारांत आहे, त्यामुळे तिथे भारतीय आयडीपी चालतो. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या करारानुसार दिलेले परवाने मानतो. म्हणून आरटीओतून रीतसर आयडीपी काढून हा ज्यांगच्या प्रसिद्ध घाटरस्त्यावर गेलेला भारतीय चालकही तपासणी नाक्यावर अडकू शकतो. तिथे ५० सीसीपर्यंतच्या गाडीला परवाना लागत नाही, पण डोंगरात भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक गाड्या त्याहून मोठ्या असतात. त्यामुळे तिथे स्थानिक चालकाच्या मागे बसून फिरण्याची ‘इझी रायडर’ पद्धत रुळली आहे. भारतीयांसाठी तोच सरळ मार्ग आहे.

दुकानदार परवाना मागत नाही, याचा अर्थ तो लागत नाही असा नव्हे. गाडी भाड्याने देणे हा त्याचा धंदा आहे. परवान्याची जबाबदारी चालवणाऱ्याची असते.

विम्याची साखळी कुठे तुटते?

प्रवास विमा घेतला की सगळे सुरक्षित, हा मोठा गैरसमज आहे. बहुतेक प्रवास विम्यांत तीन अटी असतात : चालकाकडे त्या देशात त्या वाहनासाठी वैध परवाना हवा, हेल्मेट हवे आणि मद्यप्राशन केलेले नसावे. काही योजनांत ठरावीक सीसीपेक्षा मोठ्या दुचाकी वगळलेल्या असतात, तर काहींत दुचाकी चालवणेच ‘साहसी प्रकारां’त टाकून वेगळा हप्ता मागितला जातो. परवान्याची कडी तुटली की विम्याचीही तुटते. पाय मोडल्यावर खासगी रुग्णालयात भरती होण्यापूर्वी अनामत मागितली जाते, तेव्हा हे लक्षात येते.

थायलंडमध्ये प्रत्येक वाहनाला सक्तीचा विमा असतो. तिथे त्याला ‘पो रो बो’ म्हणतात. दोष कोणाचा हे ठरण्यापूर्वी उपचारांसाठी ३० हजार बाटपर्यंत आणि दोष आपला नसेल तर ८० हजार बाटपर्यंत रक्कम त्यातून मिळते. रुपयांत ही मर्यादा साधारण पाऊण लाख आणि दोन लाखांच्या आसपास जाते. डोक्याला मार लागून अतिदक्षता विभागात राहावे लागले तर ही रक्कम काही दिवसही पुरत नाही. भाड्याच्या गाडीचे नुकसान त्यात येत नाही आणि समोरच्याच्या मोटारीचेही येत नाही. कोऱ्या स्कूटरवरील ओरखड्यांची किंमत मग दुकानदार सांगेल ती ठरते. त्याच्याकडे पासपोर्ट ठेवलेला असेल तर घासाघीस करायला जागाच उरत नाही.

स्वतःची गाडी घेऊन नेपाळ वा भूतानला जाणाऱ्या महाराष्ट्रातील दुचाकीस्वारांनाही हा मुद्दा लागू आहे. भारतातील वाहन विम्याचे कार्यक्षेत्र भारतापुरते असते. शेजारी देशांसाठी जादा हप्ता भरून ते वाढवून घ्यावे लागते. सीमेवर नेपाळच्या भन्सारची, म्हणजे सीमाशुल्काची, पावती घेणारे अनेक जण विम्याचे हे शेपूट विसरतात.

रस्त्याची भाषा वेगळी म्हणजे काय?

वाहतुकीची चिन्हे बहुतेक देशांत सारखी असतात. पण चालक एकमेकांशी हॉर्न, दिवा, हात आणि नजरेतून बोलतात आणि ही भाषा प्रत्येक देशाची वेगळी असते. आपल्याकडे ट्रकच्या मागेच ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेले असते. हॉर्न म्हणजे ‘मी इथे आहे’. व्हिएतनाममध्येही साधारण तोच अर्थ आहे. थायलंडमध्ये मात्र हॉर्न क्वचित वाजतो आणि मागून सलग वाजवलेला हॉर्न अपमान समजला जातो. समोरून दिलेला डिपर ब्रिटनमध्ये बहुधा ‘तुम्ही जा’ असे सांगतो. थायलंडमध्ये आणि आपल्याकडे तो ‘मी येतोय, थांबा’ असे बजावतो. ज्याला हा फरक माहीत नाही तो चौकात चुकीच्या क्षणी पुढे घुसतो.

व्हिएतनामी शहरांतील दुचाकींच्या लोंढ्यात बाजूच्या गल्लीतून येणारा चालक सहसा थांबून मागे पाहत नाही. मागून येणाऱ्याने त्याला सामावून घ्यायचे असते. वेग कमी असल्याने हे जमते. तिथे अचानक वेग वाढवणारा, कट मारणारा किंवा गचकन ब्रेक दाबणारा माणूस साऱ्या प्रवाहाचा ताल बिघडवतो. पर्यटकाला मात्र ‘सगळे वेडेवाकडे चालवतात’ असे वाटते. अनेक वेळा तिथल्या नजरेत वेडेवाकडे चालवणारा तोच असतो.

परदेशात राग लवकर का चढतो?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेरी डेफनबाकर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये वाहन चालवताना येणारा राग मोजण्याची एक श्रेणी मांडली. राग आणणाऱ्या गोष्टींचे त्यांनी सहा गट केले : शत्रुत्वाचे हावभाव, इतरांचा नियमभंग, पोलिसांचे अस्तित्व, संथ वाहने, असभ्यपणा आणि वाहतुकीतील अडथळे. यातील बहुतेक गोष्टी परदेशातील पहिल्याच दिवशी एकदम समोर येतात. त्यात हावभावांचा अर्थ लावण्यात चूक होण्याची शक्यता मोठी. फुकेतच्या घटनेतही ठिणगी पडली ती पोलिसाने अडवल्यावर.

दुसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. स्वतःची चूक परिस्थितीमुळे झाली आणि दुसऱ्याची चूक त्याच्या वृत्तीमुळे, असा निवाडा आपण क्षणात करतो. आपण सिग्नल चुकवला तर ‘फलक दिसला नाही’ आणि समोरच्याने चुकवला तर ‘हे लोक असेच’. परदेशात ‘तो’ची जागा ‘हे लोक’ घेतात आणि एका चालकावरचा राग सगळ्या देशावर निघतो. स्थानिक माणसाच्या मनातही ‘हे पर्यटक’ तयार असतातच. दोन माणसांचे भांडण मग दोन गटांचे होते.

त्यात ऊन, रात्रीचे जागरण, बिअर आणि मागे बसलेल्या जोडीदारासमोर कमीपणा नको ही भावना यांची भर पडते. दुचाकीस्वाराभोवती काच किंवा पत्रा नसतो. मोटारीतला माणूस पुटपुटून पुढे जातो, दुचाकीवरचा माणूस मान वळवून बोलतो आणि समोरच्याला ते ऐकू जाते.

थाय भाषेत ‘चाय येन’ असा शब्द आहे. अर्थ थंड मन. चारचौघांत आवाज चढवणे तिथे दुबळेपणाचे आणि अपमानाचे मानले जाते. आपल्याकडे आवाज चढवला की लोक जमतात, मध्यस्थी होते आणि ‘जाऊ दे भाऊ’ म्हणत प्रकरण मिटते. तिथे आवाज चढवणाऱ्या परक्याची बाजू घ्यायला कोणी येत नाही, जमाव दुसऱ्या बाजूला उभा राहतो. थायलंडमध्ये नागरिकांकडे एक कोटीहून अधिक बंदुका असल्याचा ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’चा २०१८ चा अंदाज आहे. स्थानिक लोकांमध्येही रस्त्यावरच्या वादातून गोळीबार झाल्याच्या घटना घडतात. समोरच्या गाडीच्या डिकीत काय आहे, हे पर्यटकाला ठाऊक नसते.

भांडण आणि अपघाताला शिक्षा काय?

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतात भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इंडोनेशियाच्या २००९ च्या वाहतूक कायद्यात ही मर्यादा सहा वर्षांची आहे. थायलंडच्या दंड संहितेत ती दहा वर्षांची आहे. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्यास थायलंडमध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सरकारी कर्मचाऱ्याला कामावर असताना अपमानित केले तर एक वर्षापर्यंत आणि लाच देऊ केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘साहेब, इथेच मिटवू’ हे वाक्य तिथे स्वतंत्र गुन्हा ठरू शकते. इंडोनेशियात परवान्याविना गाडी चालवल्यास चार महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा लाख रुपियांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दंडही वाढले आहेत. थायलंडमध्ये हेल्मेट नसल्याचा कमाल दंड २०२२ मध्ये ५०० वरून दोन हजार बाट झाला. व्हिएतनाममध्ये १ जानेवारी २०२५ पासून दुचाकीने सिग्नल तोडल्यास ४० ते ६० लाख डोंग, म्हणजे सुमारे १३ ते २० हजार रुपये दंड आहे. मद्याच्या बाबतीत थायलंडची सर्वसाधारण मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आणि भारताची ३० मिलिग्रॅम आहे. व्हिएतनाममध्ये २०२० पासून ती शून्य आहे. रात्री घेतलेली बिअर सकाळच्या तपासणीतही दाखवू शकते.

पण शिक्षेच्या आकड्यांपेक्षा वेळ जास्त छळतो. प्रकरण निकाली निघेपर्यंत देश सोडता येत नाही, परतीचे तिकीट वाया जाते, व्हिसाची मुदत संपत येते, वकील आणि दुभाषी दोघांचे पैसे मोजावे लागतात आणि इकडे नोकरीवरची रजा संपते. खटला जिंकला तरी हा खर्च परत मिळत नाही. हद्दपारीचा आदेश निघाला तर पुढच्या प्रवासांतही अडचणी येतात.

आखाती देशांत चित्र वेगळे का?

आखातात दुचाकी ही पर्यटकाच्या मौजेपेक्षा खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या कामगाराची रोजीरोटी असते आणि त्यात भारतीयांची संख्या मोठी आहे. तिथे मोटारसायकलीचा स्थानिक परवाना प्रशिक्षण आणि चाचणी देऊनच मिळवावा लागतो. दुबईने नोव्हेंबर २०२५ पासून या दुचाकींना मोठ्या रस्त्यांच्या वेगवान मार्गिकांत येण्यास मनाई केली. वेळेत पोहोचवण्याचा ताण, ऊन आणि शेजारून जाणाऱ्या भरधाव मोटारी अशा स्थितीत राग येणे स्वाभाविक आहे. मात्र संयुक्त अरब अमिरातीत अश्लील हातवारे किंवा शिवी हा फौजदारी गुन्हा आहे आणि परदेशी नागरिकाला त्यासाठी हद्दपारीही भोगावी लागू शकते. संमतीविना दुसऱ्याचे चित्रीकरण करून ते पसरवणेही गुन्ह्यात मोडते. म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘पुरावा’ म्हणतात तो मोबाइलवरचा व्हिडीओ तिथे उलटू शकतो. अपघातात दुसऱ्याचा मृत्यू झाल्यास दोन लाख दिरहमपर्यंत ‘दिया’, म्हणजे रक्तमूल्य, द्यावे लागते. वाहनाचा विमा वैध असेल तर ते विमा कंपनी भरते, नसेल तर तो भार चालकावर येतो. गावाकडे घर चालवणाऱ्या माणसासाठी एका हातवाऱ्याची ही किंमत आहे.

अपघात झालाच तर काय करावे?

पहिली गोष्ट, पळून जाऊ नये. घाबरून निघून जाणे हा बहुतेक देशांत मूळ अपघाताहून मोठा गुन्हा ठरतो. दुसरी, दोष कोणाचा यावर रस्त्यात वाद घालू नये. आवाज खाली, हात दिसतील असे आणि हेल्मेट काढून बोलावे. चेहरा दिसला की समोरचाही थोडा निवळतो. तिसरी, थायलंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १६६९ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११५५, व्हिएतनाममध्ये रुग्णवाहिकेसाठी ११५ आणि पोलिसांसाठी ११३, तर इंडोनेशियात रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० या क्रमांकांवर फोन करावा. थायलंडच्या पर्यटक पोलिसांकडे इंग्रजी बोलणारे कर्मचारी असतात, त्यामुळे दुकानदाराशी वाद झाला तरी तोच क्रमांक उपयोगी पडतो.

चौथी, जे कळत नाही त्या कागदावर सही करू नये, दुभाषी मागावा. पाचवी, विमा कंपनीला लगेच कळवावे, कारण उशिरा दिलेली सूचना हे दावा नाकारण्याचे कारण होऊ शकते. अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवावे, अशी मागणी करण्याचा हक्क वाणिज्य दूतावासांबाबतच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ ने दिला आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या पोर्टलवर नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात. मात्र दूतावास वकिलांची यादी देतो, तुरुंगात भेट घेतो, घरच्यांना कळवतो, पण खटला मागे घ्यायला लावू शकत नाही आणि रुग्णालयाचे बिलही सहसा भरत नाही.

तयारी मात्र निघण्यापूर्वीच करायची असते. परवान्यावर दुचाकीची नोंद आहे का, त्या देशात भारतीय आयडीपी चालतो का आणि विम्यात दुचाकी आहे का, हे तीन प्रश्न घरीच सोडवावेत. गाडी घेताना तिच्यावरील जुने ओरखडे दुकानदारासमोर चित्रित करावेत. पासपोर्ट कधीही ठेवू नये, प्रत किंवा रोख अनामत द्यावी. हेल्मेट हनुवटीखाली घट्ट बसणारे मागावे. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्के कमी होते, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसले आहे. पट्टा न लावलेले किंवा टोपीसारखे पातळ हेल्मेट या आकड्यांत धरू नये. तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर मोबाइल अॅपवरून टॅक्सी किंवा चालकासह गाडी घेणे स्वस्तात पडते.

गोव्यातून काय शिकता येईल?

हाच अनुभव उलट बाजूने पाहायचा असेल तर गोव्यात पाहता येतो. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची स्कूटर घेऊन म्हापशाच्या किंवा कळंगुटच्या अरुंद रस्त्यांवर मधोमध थांबून नकाशा पाहणारे, हेल्मेट आरशाला अडकवून तिघे बसणारे, रात्री शॅकवरून झुलत निघणारे पर्यटक गोमंतकीयांना ओळखीचे आहेत. त्यातले बरेचसे महाराष्ट्रातून गेलेले असतात. त्यांच्याबद्दल गोव्यात जी नाराजी ऐकू येते, तीच नाराजी बालीत आणि फुकेतमध्ये आपल्याबद्दल असते. रोज कामावर जाणाऱ्याच्या रस्त्याला पर्यटक आपल्या सुट्टीचे मैदान समजतो, ही त्या रागाची मुळे आहेत.

बाली आणि फुकेत या दोन्ही ठिकाणी पर्यटन हाच अर्थव्यवस्थेचा कणा आहे, त्यामुळे दुचाकी भाड्याने देणे पूर्ण बंद होण्याची शक्यता कमी दिसते. तपासणी आणि दंड मात्र वाढतच जातील. भारताच्या बाजूने दोन गोष्टी लगेच करता येण्याजोग्या आहेत. आयडीपी देतानाच तो कोणत्या देशांत चालत नाही, याची यादी आरटीओने अर्जदाराच्या हातात द्यावी. आणि प्रवास विमा विकताना दुचाकीची अट बारीक अक्षरांत न ठेवता पहिल्या पानावर छापावी. बाकीची जबाबदारी गाडीची किल्ली हातात घेणाऱ्याची आहे. चूक समोरच्याची असली तरी हात जोडून ‘सॉरी’ म्हणत पुढे जाणे अनेकांना कमीपणाचे वाटते, पण परदेशातल्या रस्त्यावर घरी सुखरूप परतण्याचा तोच बहुधा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.